राजाचे देवघर, पिठाचे कोठार आणि कोर्टाचे दप्तर

या महिन्याच्या टपालात पॅरिसच्या सेंत-शापेल या एकाच वास्तूविषयी, म्हणजे तिथल्या राजवाड्यातील तेराव्या शतकातल्या देवघराविषयी, सहा पत्रे आली. उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोपला गेलेल्या मंडळींचा हा परिणाम असावा. तेव्हा या वेळी सदराची सगळी जागा त्याच वास्तूला दिली आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या नावांऐवजी फक्त गाव दिले आहे.

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त पॅरिसजवळ राहतो, म्हणून तिकडे जाणे झाले. सेंत-शापेलच्या वरच्या मजल्यावर पाऊल टाकले आणि भोवतालच्या रंगीत काचा पाहून मला बोलायला शब्दच सुचेनात. तेवढ्यात वाटाड्या म्हणाला की फ्रेंच राज्यक्रांतीनंतर इथे पिठाची पोती रचलेली होती, पुढे कोर्टाचे कागद होते, आणि आपण पाहतो त्यातले बरेचसे एकोणिसाव्या शतकात ‘नव्याने केलेले’ आहे. मन जरा खट्टू झाले. आम्ही पाहिले त्यात जुने किती आणि नवे किती? (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : खट्टू होऊ नये. वरच्या मजल्यावरील काचांपैकी सुमारे दोन तृतीयांश काच तेराव्या शतकातील, म्हणजे वास्तू उभी राहिली तेव्हाचीच आहे. पंधरा उंच खिडक्यांत मिळून 1113 प्रसंग चितारलेले आहेत. मुख्य दालनातील खिडक्यांची उंची 15 मीटरहून अधिक आहे. इतक्या नाजूक वस्तूचा एवढा मोठा भाग पावणेआठशे वर्षांनंतर जागेवर असणे हेच मुळात नवल आहे.

मात्र जुन्या-नव्याची वाटणी सर्वत्र सारखी नाही. कागदपत्रांसाठी भिंतीलगत उंच कपाटे उभारायची म्हणून आणि कामापुरता पांढरा उजेड आत यावा म्हणून खिडक्यांचा खालचा सुमारे दोन मीटरांचा पट्टा काढून टाकण्यात आला होता. त्यामुळे आपल्या डोळ्यांच्या सर्वांत जवळ असलेले, ज्यांच्यापुढे उभे राहून लोक छायाचित्रे काढतात ते काचपट बहुतांशी एकोणिसाव्या शतकातील आहेत, आणि जुनी काच मान वर करून पाहावी लागते. दुर्बीण जवळ असल्यास फरक शोधता येतो. जुन्या काचेचा पृष्ठभाग सपाट नसतो, तिच्या आत बुडबुडे अडकलेले असतात आणि एकाच तुकड्यात रंग कुठे गडद तर कुठे पातळ असतो. असे असूनही नव्या काचेला जुनीचे रूप देण्याचे काम इतके बेमालूम झाले आहे की जाणकारही पुष्कळदा थबकतात.

पश्चिमेकडील मोठे गोल गवाक्ष मूळ बांधकामातील नाही. ते पंधराव्या शतकाच्या अखेरीस, फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स याच्या काळात बसवले गेले. म्हणजे तेही जुनेच, पण सोबतच्या खिडक्यांहून अडीचशे वर्षांनी धाकटे, आणि त्यातील हिरव्या-पिवळ्या छटा शेजारच्या लाल-निळ्यापेक्षा लगेच वेगळ्या दिसतात. खांबांवरील येशूच्या बारा प्रेषितांच्या, म्हणजे शिष्यांच्या, पुतळ्यांपैकी काही मूळ आहेत, काही प्रतिकृती आहेत, आणि मोडतोड झालेले मूळ पुतळे पॅरिसच्याच क्ल्युनी संग्रहालयात ठेवले आहेत. दारावरील शिल्पे क्रांतीत फोडली गेली, त्यामुळे आजची शिल्पे नवी आहेत. भिंतींचे रंग आणि सोनेरी मुलामा हे जुन्या रंगाच्या सापडलेल्या खुणांवरून पुन्हा चढवलेले आहेत. छतावरील टोकदार लाकडी मनोरा तर थेट 1850 च्या दशकातील आहे. त्याविषयी दुसऱ्या एका वाचकाने विचारले आहे, म्हणून ते पुढे येईल.

प्रश्न : आमच्या गोव्यात वाड्यावाड्यांवर कपेल असते, ती म्हणजे एखादी लहानशी खोली, दहा-वीस माणसे मावतील एवढी. सेंत-शापेलचे फोटो पाहिले तर ते एखाद्या कॅथेड्रलएवढे दिसते. मग त्याला कपेल का म्हणायचे? आणि ते दोन मजली का आहे? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : कपेल किंवा चॅपेल हे नाव आकारावरून पडत नाही, ती वास्तू कोणाची आणि कोणासाठी आहे त्यावरून पडते. चर्च गावाचे असते, कॅथेड्रल बिशपचे असते आणि चॅपेल एखाद्या घराचे, संस्थेचे किंवा वाड्याचे असते. आपल्याकडे वाड्यात देवघर असते तसेच हे नवव्या लुई राजाच्या राजवाड्यातील देवघर होते. सीन नदीतील इल द ला सिते या बेटावर हा राजवाडा होता आणि राजाच्या खासगी दालनांतून थेट वरच्या मजल्यावर येता येईल असा सज्जा त्याला जोडलेला होता.

देवघर एवढे मोठे होण्याचे कारण त्यात ठेवायच्या वस्तूत आहे. येशूला क्रुसावर चढवताना त्याच्या डोक्यावर घातला असे मानले जाते तो काट्यांचा मुकुट तेव्हा कॉन्स्टँटिनोपलच्या लॅटिन सम्राटाच्या, दुसऱ्या बाल्डविनच्या ताब्यात होता. सम्राटाची तिजोरी रिकामी असल्याने तो मुकुट व्हेनिसच्या सावकारांकडे गहाण पडला होता. लुईने कर्ज फेडून तो सोडवून घेतला. 1239 मध्ये मुकुट फ्रान्समध्ये आला तेव्हा राजा त्याला सामोरा गेला आणि अंगावर साधा सदरा घालून, अनवाणी, भावाच्या साथीने तो स्वतः वाहून नेला. पुढील दोन-तीन वर्षांत खऱ्या क्रुसाचा मानला जाणारा तुकडा आणि आणखी पवित्र अवशेषही आले. परंपरेने दिले जाणारे आकडे असे आहेत : मुकुटासाठी 1,35,000 लिव्र (लिव्र हे फ्रान्सचे तेव्हाचे चलन), अवशेष ठेवण्याच्या रत्नजडित पेटाऱ्यासाठी 1,00,000 लिव्र आणि संपूर्ण इमारतीसाठी 40,000 लिव्र. डबीची किंमत दागिन्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी, असा हा हिशेब होता. ही वास्तू म्हणजे अवशेषांची दगड-काचेतली पेटीच होती, हे या आकड्यांवरून ध्यानात येते.

26 एप्रिल 1248 रोजी तिचे पवित्रीकरण झाले आणि त्याच उन्हाळ्यात लुई धर्मयुद्धावर निघाला. बांधकाम अवघ्या काही वर्षांत उरकले होते. त्या काळच्या कॅथेड्रलांना पिढ्यान् पिढ्या लागत, हे पाहता हा वेग विलक्षण म्हणायला हवा. भिंती जवळजवळ नाहीतच, फक्त बारीक दगडी खांब आणि मध्ये काच आहे. हे साधले कसे, तर दगडाच्या आत लोखंडी सळया एकमेकींत अडकवून वरच्या मजल्याभोवती साखळीसारखे कडे आवळले आहे. काच धरणाऱ्या आडव्या दांड्यांशी ते असे बेमालूम मिसळले आहे की पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

दोन मजल्यांचे कारण राजवाड्यातील पायरी-पायरीच्या मानमरातबात आहे. वरचा मजला राजा, त्याचे कुटुंब आणि अवशेषांसाठी होता. खालचा, साडेसहा मीटर उंचीचा ठेंगणा मजला मेरीमातेला वाहिलेला होता आणि राजवाड्यातील नोकरचाकरांची उपासना तिथे चाले. खालच्या खांबांवर निळ्या पार्श्वभूमीवर फ्रान्सच्या राजघराण्याची लिलीची फुले आणि लाल पार्श्वभूमीवर किल्ले रंगवलेले दिसतात. हे किल्ले लुईच्या आईच्या, कास्तीलच्या ब्लाँशच्या माहेरचे चिन्ह आहेत. अकराव्या लुईने तर पंधराव्या शतकात दक्षिणेच्या भिंतीत एक छोटी खोली काढून घेतली आणि तिच्या जाळीतून तो कोणाच्या दृष्टीस न पडता उपासना पाही.

प्रश्न : मी जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात पस्तीस वर्षे नोकरी केली. रुमालात बांधलेली जुनी प्रकरणे, कसर, वाळवी, गळके छप्पर या सगळ्याशी माझा आयुष्यभराचा संबंध. सेंत-शापेलमध्ये कोर्टाचे दप्तर होते असे वाचले आणि हसू आले. अशा जागी दप्तर ठेवण्याची कल्पना कोणाची? त्यामुळे वास्तूचे किती नुकसान झाले? (एक निवृत्त कर्मचारी, नाशिक)

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘गळके छप्पर’ हे दोन शब्द या गोष्टीच्या अगदी गाभ्याशी आहेत.

दप्तर आणि सेंत-शापेल यांचे शेजारपण क्रांतीहून फार जुने आहे. मूळ बांधकामात उत्तरेच्या बाजूस एक छोटी जोडइमारत होती. तिच्यात पूजेची भांडी आणि वस्त्रे असत आणि फ्रान्सच्या राजांचे तह, दानपत्रे, मोहोरबंद करार यांचा संग्रहही तिथेच होता. ‘सनदांचा खजिना’ या अर्थाच्या नावाने तो ओळखला जाई. राज्याचे सर्वांत मोलाचे कागद सर्वांत मोलाच्या अवशेषांना लागून ठेवण्यात त्या काळच्या लोकांना काही विचित्र वाटत नव्हते, कारण दोन्हींचे पावित्र्य राजसत्तेला आधार देणारे होते. 1776 मध्ये राजवाड्याला आग लागली. त्यानंतरच्या नव्या बांधकामात 1783 साली ही जोडइमारत पाडली गेली. मूळ रचनेचे जे नुकसान पुन्हा कधीच भरून काढण्यात आले नाही त्यात हे मोठे आहे, आणि ते क्रांतीपूर्वी, राजाच्याच अमलात झाले.

राजे तोवर हा वाडा सोडून गेलेच होते. चौदाव्या शतकापासून ते अन्यत्र राहू लागले आणि वाड्यात न्यायालये व हिशेब कचेऱ्या उरल्या. सेंत-शापेलमध्ये धर्मगुरूंचे मंडळ नित्याची उपासना आणि संगीत चालवीत राहिले. सतराव्या शतकाच्या अखेरीस मार्क-आंत्वान शार्पाँतिए हा मोठा संगीतकार इथल्या संगीताचा प्रमुख होता. नैसर्गिक संकटेही आली. 1630 च्या आगीत मनोरा जळाला. 1689-90 च्या हिवाळ्यात सीनचे पाणी खालच्या मजल्यात शिरले आणि तिथले रंग उतरले.

मग क्रांती आली. मंडळ बरखास्त झाले आणि 1791 मध्ये अवशेष सेंत-देनीच्या मठात हलवले गेले. पुढे सोन्यारुप्याच्या पेट्या वितळवण्यात आल्या. दाराची शिल्पे फोडली आणि मनोरा उतरवला. रिकाम्या दालनात पिठाचा साठा ठेवला गेला. पिठाच्या कोठाराने वास्तूचे नुकसान फारसे केले नसावे, कारण कोरडी जागा आणि बंद दार हे त्या साठ्याच्याही सोयीचेच होते.

1803 पासून 1837 पर्यंत इथे न्यायखात्याचे दप्तर होते. तुमच्या प्रश्नाचा रोख या चौतीस वर्षांकडे आहे. नुकसान उघडच आहे. खिडक्यांचे तळचे पट्टे निघाले आणि त्यांतील काचपट विकले गेले, वाटले गेले, इकडेतिकडे झाले. त्यांतील काही आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, काही क्ल्युनी संग्रहालयात, काही अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात तर काही इंग्लंडमधील ट्वायक्रॉस या खेड्याच्या चर्चमध्ये आहेत. उरलेल्या काचांपुढे कागदांची कपाटे उभी होती.

पण याची दुसरी बाजू आपल्यासारख्या दप्तरात वावरलेल्या माणसाला चटकन पटेल. कागद भिजून चालत नाहीत. ज्या काळात फ्रान्सभर मठ आणि चर्च दगडांच्या भावाने विकून पाडले जात होते, त्या काळात या वास्तूच्या छपराची देखभाल करण्याचे सरकारला एक ठोस कारण होते. शिवाय दप्तरासाठी दोन मीटर काच काढली गेली, पण वरची तेरा मीटर काढण्याचे काहीच प्रयोजन नव्हते. माझे वैयक्तिक मत असे की दप्तरखान्याने सेंत-शापेलचा एक सप्तमांश घालवला आणि बाकीचे वाचवले. हा सौदा कोणी जाणूनबुजून केला नव्हता, हे मात्र खरे.

प्रश्न : वास्तुरचनेच्या तिसऱ्या वर्षात शिकते. आमचे सर म्हणतात की एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच जीर्णोद्धार म्हणजे ‘कल्पनेने बांधलेले मध्ययुग’. सेंत-शापेललाही हेच लागू होते का? (एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपल्या सरांचे म्हणणे सर्वसाधारणपणे खरे आहे, पण सेंत-शापेलच्या बाबतीत ते थोडे सावधपणे लावावे लागते.

1830 च्या दशकाच्या उत्तरार्धात दप्तर हलवून वास्तूचा जीर्णोद्धार करण्याचे ठरले आणि 1840 पासून काम सुरू झाले. प्रमुख वास्तुकार होते फेलिक्स द्युबाँ. त्यांच्या हाताखाली जाँ-बातिस्त लासूस आणि तरुण व्हिओले-ल-द्युक होते. 1849 पासून लासूस प्रमुख झाले आणि 1857 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर एमिल बोसविलवाल्द यांनी काम पुढे नेले. या मंडळींनी जुनी चित्रे, वर्णने, रंगाचे भिंतीला चिकटून राहिलेले कण आणि फुटक्या शिल्पांचे तुकडे गोळा केले आणि त्यांवरून निर्णय घेतले. मध्ययुगीन वास्तूचा एवढ्या चिकाटीने अभ्यास करून केलेला जीर्णोद्धार फ्रान्समध्ये तोपर्यंत क्वचितच झाला होता, आणि पुढील अनेक कामांची ती शाळाच ठरली.

काचांचे काम विशेष पाहण्यासारखे आहे. त्यासाठी स्पर्धा घेण्यात आली. ती आंरी जेराँत यांनी जिंकली, पण 1849 मध्ये त्यांचे निधन झाले आणि काम आंत्वान ल्युसाँ यांच्याकडे गेले. रेखाचित्रे लुई स्टाइनहाइल यांनी काढली आणि कोणता प्रसंग कोणत्या जागी असावा याचा उलगडा फ्रांस्वा द गिलेर्मी या अभ्यासकाने केला. त्याआधीच्या शतकांतील दुरुस्त्यांत अनेक काचपट चुकीच्या चौकटीत बसवले गेले होते, त्यामुळे बायबलमधील एखादी गोष्ट मध्येच तुटून दुसऱ्याच खिडकीत उगवत असे. एखाद्या पोथीची पाने वाऱ्याने उडावीत, कोणीतरी ती घाईने गोळा करून बांधावीत आणि शेवटी एखाद्या जाणत्याने ओळ-ओळ वाचून क्रम लावावा, असे ते काम होते. आज आपण खालून वर, डावीकडून उजवीकडे अशी गोष्ट ‘वाचत’ जातो ते यामुळे.

जिथे पुरावा संपला तिथे मात्र कल्पना सुरू झाली, हेही मान्य करावे लागते. भिंतीवरील रंगांचा चकचकीतपणा, अवशेषांच्या चबुतऱ्याची पुनर्रचना, दारावरची शिल्पे यांत एकोणिसावे शतक बोलते. मनोऱ्याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तेराव्या शतकातील पहिल्यापासून मोजले तर आजचा मनोरा पाचवा. मूळ मनोऱ्याचे नेमके रूप ठाऊक नव्हते, म्हणून लासूस यांनी पंधराव्या शतकाच्या शैलीत 33 मीटर उंचीचा देवदारी लाकडाचा मनोरा उभारला. म्हणजे तेराव्या शतकातील इमारतीवर पंधराव्या शतकाच्या धर्तीचा एकोणिसाव्या शतकातील मनोरा आहे. त्याला खोटे म्हणायचे का? माझ्या मते नाही. चार वेळा उभारलेला भाग पाचव्यांदा उभारला, एवढेच म्हणता येईल. 1871 च्या मे महिन्यात पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे शहरातील बंडखोर सरकारच्या, अखेरीस भोवतालचे न्यायमंदिर आगीत सापडले, तेव्हा हे सगळे नवे लाकूडकाम आगीच्या वेढ्यातून वाचले. याच मनोऱ्याचे सुतारकाम करणाऱ्या ओग्युस्त बेल्यू यांनी पुढे पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलचाही मनोरा घडवला होता. तो 15 एप्रिल 2019 रोजी जळून कोसळताना सगळ्या जगाने पाहिला.

अलीकडच्या संवर्धनाची पद्धत वेगळी आहे, आणि परीक्षेसाठी आपल्याला हा भाग अधिक उपयोगी पडेल. मध्ययुगीन काच वाळू आणि लाकडाची राख वितळवून केलेली असे. राखेमुळे तिच्यात पोटॅशचे प्रमाण जास्त असते. ओलावा लागला की पोटॅशियम बाहेर झिरपते, पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे पडतात, त्यांत क्षार साचून करडा-पांढरा थर धरतो आणि काच आंधळी होत जाते. शहरातील धूर बाहेरून आणि हजारो प्रेक्षकांच्या श्वासातील दमटपणा आतून ही क्रिया वाढवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी काचा उतरवून सुरक्षित ठेवल्या होत्या. त्या परत बसवल्यावर संरक्षणासाठी बाहेरून वार्निशचा थर दिला गेला. हेतू चांगला होता, पण कालांतराने तो थरच काळवंडला आणि चित्रे झाकोळली. जतनासाठी केलेल्या उपायातूनच पुढच्या पिढीसाठी नवा रोग तयार झाला.

म्हणून 2008 ते 2015 या काळात झालेल्या मोठ्या कामात काचांना काही लावण्यापेक्षा त्यांना वाऱ्यापावसातून बाजूला काढण्यावर भर दिला गेला. या कामाला सुमारे 1 कोटी युरो खर्च आला आणि त्यात खासगी देणग्यांचा मोठा वाटा होता. काचपट उतरवून, शिशाच्या पट्ट्या तपासून, साफ करून ते किंचित आत सरकवून बसवले आणि त्यांच्या मूळ जागी बाहेरून साधी संरक्षक काच लावली. दोन्हींच्या मध्ये हवा खेळती राहते, त्यामुळे जुन्या काचेच्या दोन्ही बाजूंना आतल्याच तापमानाची हवा असते आणि तिच्यावर दव धरत नाही. बाहेरची काच गरम करून जुन्या काचेच्या उंचसखलपणाबरहुकूम घडवली आहे, जेणेकरून रस्त्यावरून पाहताना ती दुकानाच्या काचेसारखी सपाट चकाकू नये. उद्या यापेक्षा चांगली युक्ती निघाली तर हे सगळे उलगडून काढता येईल. एकोणिसाव्या शतकातील कारागिरांनी हरवलेले परत करून दिले आणि आजचे कारागीर उरलेले सांभाळतात, हा फरक आपल्या सरांना जरूर सांगावा.

प्रश्न : इथल्या वेस्टमिन्स्टरमध्येही सेंट स्टीफन्स नावाचे एक राजचॅपेल होते आणि ते सेंत-शापेलच्या धर्तीवर होते, असे एका भाषणात ऐकले. त्याचे काय झाले? (एक वाचक, लंडन)

उत्तर : ऐकले ते बरोबर आहे. पहिल्या एडवर्डने 1292 मध्ये ते बांधायला घेतले. फ्रान्सच्या राजाच्या देवघराला तोडीस तोड हवे ही ईर्षा त्यामागे होती आणि वर राजा, खाली वाड्यातील मंडळी ही दोन मजली रचनाही तशीच होती. पूर्ण व्हायला मात्र अर्धशतकाहून अधिक लागले. सहाव्या एडवर्डच्या काळात, 1547-48 च्या सुमारास, तिथली धार्मिक संस्था बरखास्त झाली आणि ही वास्तू हाउस ऑफ कॉमन्सला मिळाली. धर्मगुरूंच्या समोरासमोर असलेल्या बाकांच्या जागी सभासद बसू लागले आणि वेदीच्या जागी सभापतींची खुर्ची आली. ब्रिटिश संसदेतील दोन पक्ष आजही एकमेकांकडे तोंड करून बसतात, त्याचा उगम या बैठकीत सांगितला जातो.

इथेही सोयीने वास्तू टिकवली आणि खाल्लीही. वास्तुकार ख्रिस्टोफर रेनने 1692 मध्ये छत खाली आणले आणि भिंती लाकडाने मढवल्या. 1800 मध्ये आयर्लंडच्या शंभर सभासदांसाठी जागा करताना वास्तुकार जेम्स वायटने भिंती तासून पातळ केल्या. लाकूड काढल्यावर मागे चौदाव्या शतकातील भित्तिचित्रे निघाली आणि त्यांतील बरीचशी त्याच तासकामात गेली. वाचलेले थोडे तुकडे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

मराठी वाचकाने या खोलीकडे थोडे थांबून पाहावे. 1773 चा रेग्युलेटिंग अॅक्ट, 1784 चा पिटचा कायदा, 1813 आणि 1833 चे सनदी कायदे, म्हणजे मुंबई इलाख्याचा कारभार ज्यांनी बांधला त्या कायद्यांवरील कॉमन्समधील चर्चा याच जुन्या चॅपेलच्या भिंतींत झाल्या. वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवण्याचा ठरावही इथलाच, खटला तेवढा शेजारच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये चालला.

16 ऑक्टोबर 1834 रोजी सरकारी हिशेबाच्या जुन्या, खाचा पाडलेल्या लाकडी काड्या भट्टीत जाळण्याचे काम निघाले. भट्टी अति तापली आणि राजवाडा पेटला. नाशिकच्या वाचकांना हे वाचून वाईट वाटेल, पण जुने दप्तर निकालात काढताना केलेल्या हयगयीचे इतके महाग उदाहरण दुसरे मिळणार नाही. वरचे चॅपेल गेले आणि त्याच जागी आजचा सेंट स्टीफन्स हॉल आहे. खालचा मजला तेवढा बचावला. मधल्या काळात तो सभापतींची जेवणाची खोलीही होता. आता तो पुन्हा चॅपेल आहे आणि तिथे सभासदांच्या घरची लग्ने आणि बाप्तिस्मे होतात.

प्रश्न : सेंत-शापेलमध्ये आज उपासना होते का? तो मुकुट कुठे आहे? आणि जायचे झाल्यास कोणती वेळ चांगली? (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : नित्य उपासना होत नाही. वास्तू सरकारची आहे, राष्ट्रीय स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेमार्फत ती तिकीट लावून दाखवली जाते आणि संध्याकाळी तिथे संगीताच्या मैफली होतात. काट्यांचा मुकुट क्रांतीतून वाचून 1804 मध्ये पॅरिसच्या आर्चबिशपकडे आणि 1806 पासून नोत्र-दाममध्ये गेला. 2019 च्या आगीतून तो बाहेर काढण्यात आला, काही काळ लुव्र संग्रहालयात ठेवला गेला आणि कॅथेड्रल पुन्हा उघडल्यावर 13 डिसेंबर 2024 रोजी तिथे परतला. म्हणजे ज्याच्यासाठी ही पेटी घडवली तो दागिना पायी दहा मिनिटांच्या अंतरावर दुसऱ्याच घरात आहे.

वेळेविषयी सांगायचे तर ऊन असलेला दिवस निवडावा. सकाळी पूर्वेकडील आणि दक्षिणेकडील खिडक्या उजळतात, पश्चिमेचे गोल गवाक्ष दुपार कलल्यावर पाहावे. प्रवेश न्यायालयाच्या आवारातून असल्याने विमानतळासारखी तपासणी होते, तेव्हा पर्समध्ये चाकू, कात्री, काचेची बाटली ठेवू नये आणि रांगेसाठी अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवावा. वर गेल्यावर आत शिरताना उजव्या हाताला असलेली पहिली खिडकी चुकवू नका. तिच्यात हे अवशेष पॅरिसला कसे आले त्याची कथा आहे आणि राजा लुई स्वतः ते मिरवणुकीने आणताना दिसतो. पुष्कळ दुरुस्ती झालेली ती खिडकी आहे, त्यामुळे डोंबिवलीच्या वाचिकांनी सुचवलेला जुन्या-नव्याचा शोध तिथूनच सुरू करता येईल. दुर्बीण मात्र घरूनच न्यावी.